दाखल्यावर असताना काम करायचं की नाही: इंदूरच्या नव्या नोकरदारांसाठी

"दाखला चालू आहे, संध्याकाळी चार तास मोकळे असतात आणि ओळखीच्या दुकानात हिशेबाचं काम मिळतंय. करू का?" हा प्रश्न इंदूरमध्ये नंदानगरच्या विमा रुग्णालयाबाहेर आणि पीथमपूरहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सारखा कानावर येतो, बहुतेक वेळा दबक्या आवाजात. (दाखला म्हणजे तुम्ही सध्या कामाला असमर्थ आहात असं विम्याच्या डॉक्टरांनी दिलेलं प्रमाणपत्र.) दबक्या आवाजातल्या प्रश्नाला उत्तरही ऐकीवच मिळतं. एक म्हणतो, "रोख घे, कुणाला कळतंय." दुसरा म्हणतो, "एक दिवस जरी कामावर दिसलास तरी जन्मभराचे पैसे बंद." पहिल्याचं ऐकणाऱ्याकडे पुढे वसुलीची नोटीस येते. दुसऱ्याचं ऐकणारा, कायद्याने पूर्ण मोकळीक असतानाही, वर्षानुवर्षं घरी बसून राहतो. मला ह्या दुसऱ्या माणसाची काळजी जास्त वाटते, कारण त्याचं नुकसान कुठल्याच कागदावर दिसत नाही.

जळगाव, बुऱ्हाणपूर, खंडव्याकडून इथे पहिल्या नोकरीला आलेली किंवा इंदूरच्याच मराठी घरातली, पण ईएसआयशी, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याशी, पहिल्यांदाच गाठ पडलेली मंडळी डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. आधी एक खुलासा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९४८ चा ईएसआय कायदा व १९२३ चा कामगार भरपाईचा कायदा तिच्यात सामावले गेले. म्हणून कलमांचे आकडे पाठ करत बसू नका. खिडकीवरचा व्यवहार ज्या तत्त्वावर चालतो ते नीट कळलं की पुरे.

पहिली पायरी: हे पैसे कशाचे आहेत ते आधी ठरवा

सगळा गोंधळ इथेच होतो. "मला अपंगत्वाचे पैसे मिळतात" एवढ्यावरून काहीच कळत नाही, कारण ह्या एकाच वाक्यात तीन निरनिराळ्या प्रकारचे पैसे बसतात आणि तिघांचे कामाविषयीचे नियम एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला प्रकार बुडालेल्या दिवसांचा. आजारपणामुळे किंवा कामावरच्या दुखापतीमुळे तुम्ही आज कामावर जाऊ शकला नाहीत, आजचा पगार बुडाला, त्याची ही भरपाई. ईएसआयचा आजारपण लाभ आणि तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ ह्यात येतात. इथे हिशेब दिवसाचा असतो.

दुसरा प्रकार शरीराच्या कायमच्या हानीचा. बोट गेलं, डोळा गेला, पाय अधू झाला, त्यामुळे तुमची कमावण्याची ताकद जन्मभरासाठी कमी झाली, त्याची ही भरपाई. इथे हिशेब टक्क्यांचा असतो. आज तुम्ही कामावर गेलात की घरी होतात, हे कुणी विचारत नाही.

तिसरा प्रकार सरकारी पेन्शनचा. दिव्यांग आहात आणि योजनेच्या अटींत बसता म्हणून मिळणारी मदत. तिचा संबंध तुमच्या नोकरीशी नसून अपंगत्वाच्या प्रमाणपत्राशी आणि घरच्या परिस्थितीशी असतो.

बँकेच्या पासबुकात तिन्ही सारख्याच दिसतात, म्हणून पासबुकावर जाऊ नका. मंजुरीचा कागद काढा. तो हिंदीत असेल. त्यावर "बीमारी हितलाभ" किंवा "अस्थायी अपंगता" लिहिलं असेल तर पहिला प्रकार, "स्थायी अपंगता" असेल तर दुसरा, आणि नगर निगम किंवा समग्र पोर्टलचा (मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंबनोंदणीचा) उल्लेख असेल तर तिसरा.

दुसरी पायरी: दिवसाच्या हिशेबाचे पैसे असतील तर

आधी मिळतं किती ते पाहू. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारे (दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० आहे) ईएसआयच्या कक्षेत येतात. पगारातून तुमचे ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. आजारी पडलात तर सरासरी रोजाच्या, म्हणजे एका दिवसाच्या पगाराच्या, ७० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावर किंवा कामामुळे दुखापत झाली तर रोजाच्या ९० टक्के, आणि ते दुखापत बरी होईपर्यंत. दुखापत अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस टिकलेली असली पाहिजे. रोज ५०० रुपये धरला तर आजारपणात दिवसाला ३५० आणि दुखापतीत ४५०.

नव्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. आजारपणाच्या रोख लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि नव्याने विम्यात आलेल्याचा पहिला लाभकाळ (ज्या सहा महिन्यांत लाभ मागता येतो तो काळ) नोंदणीनंतर नऊ महिन्यांनी सुरू होतो. दुखापतीला अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी मशीनमध्ये हात सापडला तरी लाभ मिळतो. इंदूरहून पीथमपूरला कामावर जाताना किंवा परत येताना झालेला अपघातही, वेळ, जागा आणि कामाचा संबंध जुळत असेल तर, कामावरचाच अपघात धरला जातो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण बसच्या अपघाताला साधं आजारपण म्हणून नोंदवतात आणि ९० टक्क्यांऐवजी ७० टक्के घेऊन गप्प बसतात.

आता मुख्य प्रश्न. ज्या दिवशी काम केलं, त्या दिवसाचा लाभ नाही. ज्या दिवसाची पगारी रजा किंवा पगारी सुट्टी घेतली, त्या दिवसाचाही नाही. अर्धा दिवस काम आणि अर्ध्या दिवसाचा लाभ अशी सोय ह्या व्यवस्थेत नाही. काही देशांत आजारी माणसाला आठवड्याला ठराविक तास काम करून लाभ चालू ठेवता येतो. इंटरनेटवर वाचलेलं ते इथे लावू नका.

"पण मी कंपनीत थोडाच गेलो? शेजारच्या दुकानात बसलो." हा युक्तिवाद टिकत नाही. दाखल्यावर डॉक्टरांनी तुम्ही कामाला असमर्थ आहात असं लिहिलेलं असतं, आणि लाभ मागताना फॉर्म ९ वर, तो कागदावर असो की पोर्टलवर, तुम्ही स्वतः सांगता की ह्या काळात मी कामावर नव्हतो. डिलिव्हरीच्या ॲपवर चार फेऱ्या मारल्या, घरी शिकवण्या घेतल्या, मंगल कार्यालयात रात्रीची राखण केली, तर त्या सहीचं काय होतं ते उघड आहे. ॲपची प्रत्येक फेरी तारखेसह नोंदलेली असते. यूपीआयने आलेले पैसे बँकेच्या उताऱ्यात राहतात.

कार्यालय हे तपासतं कसं, तेही माहीत असू द्या. शाखा कार्यालय फॉर्म १० पाठवून मालकाकडून खातरजमा करून घेतं: हा माणूस ह्या तारखांना खरोखर गैरहजर होता का, आणि ह्या दिवसांचा पगार दिला का? त्यामुळे दाखल्यावर असताना सुपरवायझरने "दोन तास येऊन नव्या मुलाला मशीन दाखवून जा" म्हटलं आणि तुम्ही गेलात, तर गेटवरची नोंद आणि तुमचा फॉर्म ह्यांचा मेळ बसणार नाही. सुपरवायझर त्या वेळी पुढे येत नाही. चुकीने घेतलेली रक्कम परत करावी लागते, आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल तर तो गुन्हा ठरतो. पाच-सातशे रुपयांसाठी हा धोका पत्करू नका असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो, कारण एकदा फाइलवर शेरा पडला की पुढचा खरा दाखलाही संशयाने बघितला जातो.

पैशांपलीकडे आणखी अटी आहेत. लाभ घेणाऱ्याने विम्याच्या दवाखान्यात उपचार चालू ठेवले पाहिजेत, बरं होण्यात अडथळा येईल असं काही करता कामा नये, आणि डॉक्टरांच्या परवानगीशिवाय उपचाराचं क्षेत्र सोडता कामा नये. ही शेवटची अट आपल्या माणसांना नेमकी आडवी येते. पाय मोडला की आई म्हणते, "गावी ये, मी बघते." जावं, जरूर जावं, पण आधी दवाखान्यात सांगून, परवानगी कागदावर घेऊन. न सांगता भुसावळला जाऊन महिनाभर राहिलात आणि मधला दाखला चुकला, तर तेवढ्या दिवसांचा लाभ अडकतो.

मग घरात भावाच्या किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसणं? इथे माझं मत स्पष्ट आहे. ताप असताना घरात उठून पाणी भरणं हे काम नव्हे, पण रोज ठरलेल्या वेळी दुकानात बसून गिऱ्हाईक करणं हे काम आहे, पगार मिळो वा न मिळो. डॉक्टरांनी हालचाल करायला सांगितली असेल तर ते पर्चीवर लिहून घ्या. फिरणं, फिजिओथेरपी, बसून वाचणं ह्याला कुणाची हरकत नसते.

पगारी रजेचा हिशेबही इथेच उरकून घेऊ. कंपनीत पगारी रजा शिल्लक असेल आणि आजार चार-सहा दिवसांचा असेल, तर रजा घेणं बहुधा फायद्याचं: पूर्ण पगार मिळतो आणि ९१ दिवसांचा साठा शाबूत राहतो. शिवाय आजारपणाच्या लाभात पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे असतात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. मोठ्या आजारात मात्र रजा राखून ठेवा आणि दाखला घ्या. एकाच दिवसाचे दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत.

तिसरी पायरी: काम करायचंच असेल तर सरळ मार्ग

सरळ मार्ग आहे, आणि लोक तो वापरत नाहीत ही खंत आहे. काम करण्याजोगं वाटायला लागलं की डॉक्टरांकडे जाऊन तसं सांगा आणि अंतिम दाखला घ्या. पहिला, मधले आणि अंतिम, असे दाखल्यांचे टप्पे असतात. अंतिम दाखल्यावर तुम्ही कोणत्या तारखेपासून कामाला योग्य ते लिहिलेलं असतं. त्या तारखेपासून लाभ थांबतो आणि त्या तारखेपासून तुम्ही मोकळे असता: पूर्ण वेळ, अर्धा वेळ, हलकं काम, काहीही.

अंगात पूर्ण ताकद आलेली नसेल तर कंपनीला लेखी अर्ज द्या: इतके आठवडे उभ्याने करायचं काम नको, किंवा चार तासांची पाळी द्या. डॉक्टरांकडून "हलकं काम" असा शेरा पर्चीवर घेऊन अर्जाला जोडा. कंपनीने मानलंच पाहिजे असं नाही, पण लेखी अर्ज असला की पुढे "तू स्वतःहून काम टाळलंस" म्हणायला जागा उरत नाही. आजारपणाचा लाभ घेत असताना, त्या आजारपणावरून मालकाला तुम्हाला काढून टाकता येत नाही किंवा शिक्षाही करता येत नाही.

सगळ्यांना भीती असते ती अशी: परत गेलो आणि झेपलं नाही तर? ह्यावर नियमातच दिलासा आहे. आधीचा आजारपणाचा काळ संपल्यापासून १५ दिवसांच्या आत पुन्हा दाखल्यावर जावं लागलं, तर प्रतीक्षेचे दोन दिवस पुन्हा कापले जात नाहीत. म्हणजे परतून बघायला, आठवडाभर काम करून बघायला, आणि नाही जमलं तर पुन्हा डॉक्टरांकडे जायला वाट मोकळी आहे. ९१ दिवसांतून वजा होतात ते फक्त लाभ घेतलेले दिवस, मध्ये काम केलेले नव्हेत. लपूनछपून दोन तास काम करण्यापेक्षा ही उघड ये-जा कितीतरी चांगली.

मोठ्या आजारांसाठी वेगळी तरतूद आहे. क्षयरोग, कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं, पक्षाघात, हृदयाचे काही आजार आणि गंभीर मानसिक आजार अशा ३४ आजारांच्या यादीत तुमचा आजार बसत असेल, नोकरीला सलग दोन वर्षं झाली असतील आणि मागच्या चार वर्गणी काळांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी असेल, तर ९१ दिवसांनंतर ८० टक्के दराने विस्तारित लाभ मिळतो. तो एकूण दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. कामाचा नियम तिथेही तोच: ज्या दिवशी काम, त्या दिवशी लाभ नाही.

अर्धवेळ कामावर परतल्याचे पुढचे परिणाम मात्र आधी बघून घ्या. अर्धवेळ कर्मचारीही ईएसआयमध्ये येतो, पण आठवड्याला तीनच दिवस काम असेल तर सहा महिन्यांत ७८ दिवस भरतील का? काठावरचा हिशेब आहे, दोन-चार दिवस चुकले की पुढच्या लाभकाळातला आजारपण लाभ गेला. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ ठरतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. दुसरं असं की रोज अर्धा दिवस काम केलं तर दिवसाचा सरासरी पगारच कमी होतो, म्हणून पुढच्या आजारपणात मिळणारे ७० टक्केही कमी रकमेवर मोजले जातात. निवड करता येत असेल तर रोज चार तासांपेक्षा आठवड्याला तीन पूर्ण दिवस बरे: तिथे दिवसाचा पगार उतरत नाही, आणि एकही दिवस चुकला नाही तर ७८ ची अटही जमते.

चौथी पायरी: कायमच्या अपंगत्वाचा लाभ असेल तर काम करा, न घाबरता

दुखापतीवरचे उपचार संपले, अंतिम दाखला मिळाला, पण शरीरात कायमचा दोष राहिला, तर फॉर्म १४ भरून तुमचं प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जातं. मंडळ कमाईच्या क्षमतेची हानी टक्क्यांत ठरवतं. काही दुखापतींचे टक्के कायद्याच्या अनुसूचीतच आहेत: अंगठा पूर्ण गेला तर ३०, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. दुखापतीच्या लाभाचा पूर्ण दर दिवसाला ४५० असेल आणि तर्जनी गेली असेल, तर १४ टक्क्यांप्रमाणे रोजचे ६३ रुपये, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्याला १,८९०. हानी कायमची ठरली असेल तर हे पैसे आयुष्यभर चालतात.

हे पैसे नोकरीच्या पगाराबरोबर मिळतात. त्याच कंपनीत परत जा, दुसरीकडे जा, अर्धवेळ जा, स्वतःचं दुकान टाका, तुमचा पगार पूर्वीपेक्षा वाढला तरी हरकत नाही. बोट गेलं ते गेलं. नव्या नोकरीमुळे ते परत येत नाही, म्हणून भरपाईही थांबत नाही. सांवेर रोडवर मशीनवर काम करणाऱ्या माणसाने, हात अधू झाल्यावर पेन्शन बंद होईल ह्या भीतीने ऑफिसातली हलकी नोकरी नाकारावी, ह्यासारखं वाईट दुसरं काही नाही. असा कुणी ओळखीत असेल तर त्याला ही चौथी पायरी तरी वाचून दाखवा.

सांभाळायचं ते एवढंच: जीवनप्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २३, ठरल्या वेळी द्या. पत्ता किंवा बँक खातं बदललं तर शाखेला कळवा. कधीकधी मंडळ टक्केवारी हंगामी ठरवतं आणि ठराविक काळाने पुन्हा तपासणीला बोलावतं, ते बोलावणं चुकवू नका. मंडळाचा निर्णय कमी वाटला तर तीन महिन्यांच्या आत वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

ईएसआय नसेल तर

दहापेक्षा कमी माणसांच्या कारखान्यात किंवा ठेकेदाराकडे अपघात झाला, तर जुन्या १९२३ च्या कायद्यातली आणि आता संहितेतली मालकाने द्यायची भरपाई लागू होते. इथे अर्धवेळ कामाचा नियम वेगळा आणि समजायला सोपा आहे. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक पगाराच्या २५ टक्के मिळतात. पण ही रकम, अपघाताआधीच्या अर्ध्या मासिक पगारातून आत्ताचा अर्धा मासिक पगार वजा केला असता जे उरतं त्यापेक्षा जास्त असू शकत नाही.

समजा आधी १२,००० मिळत होते. पंधरवड्याची भरपाई ३,०००. आता तुम्ही कुठेतरी अर्धवेळ ८,००० कमावता. ६,००० वजा ४,०००, उरले २,०००, तेव्हा भरपाई २,००० वर येते. अर्धवेळ ५,००० च मिळत असतील तर फरक ३,५०० निघतो, आणि भरपाई ३,००० ची ३,००० च राहते. म्हणजे थोडंसं काम केल्याने इथे लाभ जात नाही, ठराविक मर्यादेनंतर कमी होतो. मालक "तू काम करतोस, आता काही देणार नाही" म्हणत असेल तर हा हिशेब कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवा.

पेन्शन आणि यूडीआयडी

केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग पेन्शनला वय १८ ते ७९, अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली, अशा अटी आहेत. केंद्र महिन्याला ३०० देतं, आणि मध्य प्रदेशात राज्याची भर धरून ६०० हातात पडतात. ह्या अटींत काम करू नये असं कुठे नाही. घरी शिवणकाम, पापड, शिकवणी, फोनवरून होणारं काम करता येतं. बघायचं ते एवढंच की नियमित पगारामुळे कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीतून बाहेर जातं का. तसं झालं तर लपवू नका. ६०० रुपये रकम लहान आहे, आणि पक्क्या नोकरीतल्या ईएसआयची किंमत तिच्या कितीतरी पट आहे.

महाराष्ट्रातून आलेल्यांना इथे समग्र आयडीशिवाय काही हलत नाही: कुटुंबाचा आठ अंकी, व्यक्तीचा नऊ अंकी. तो आधारशी जोडून ई-केवायसी करा. तिकडे संजय गांधी निराधार योजनेचे पैसे चालू असतील तर इथे अर्ज करण्याआधी ते बंद करून घ्या, दोन राज्यांतून एकाच कारणासाठी पेन्शन घेता येत नाही.

यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयाच्या मंडळापुढे तपासणीला जावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि बहुतेक सवलती ४० टक्क्यांपासून सुरू होतात. कार्डाचा रंगही टक्क्यांवर ठरतो: ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० आणि वर निळा. ही टक्केवारी आणि ईएसआय मंडळाची टक्केवारी ह्या दोन वेगळ्या गोष्टी. एकीकडे शरीराची हानी मोजतात, दुसरीकडे कमाईच्या ताकदीची. एकाच माणसाला दोन वेगळे आकडे मिळाले तर त्यात घोळ काही नाही, आणि एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या खिडकीवर चालत नाही.

अडलं तर

मध्य प्रदेशचं ईएसआय प्रादेशिक कार्यालय भोपाळला नसून इंदूरलाच आहे, नंदानगरच्या पंचदीप भवनात. ही आपल्या शहराची मोठी सोय आहे. आधी तुमच्या शाखा कार्यालयात लेखी विचारा, मग पंचदीप भवनात. ईएसआयचा टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६. दिव्यांग पेन्शन आणि पुनर्वसनाच्या कामासाठी परदेशीपुऱ्याचा सामाजिक न्याय परिसर आणि तुमच्या भागातलं नगर निगमचं झोन कार्यालय. राज्य सरकारच्या कामात दिरंगाई होत असेल तर १८१ वर तक्रार नोंदवा, किंवा मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जनसुनावणीत जा.

प्रश्न विचारताना "मी काम करू शकतो का" असं मोघम विचारू नका. असं लिहा: मला अमुक लाभ मिळतो, अमुक तारखेपासून, दिवसाला इतके तास, ह्या प्रकारचं काम करायचं आहे, लाभावर काय परिणाम होईल ते कृपया लेखी कळवावं. अर्ज हिंदीत लिहिलात तर बरं, कारण पुढे तीन टेबलांवर तो वाचला जातो. दोन प्रती न्या, एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या, आणि तो शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.